पेपर छान गेला, पण समजलं किती?

साधारण १९९० च्या आसपासची गोष्ट आहे. एरिक माझुर हार्वर्डमध्ये सुरुवातीचं फिजिक्स शिकवायचे, मुलं पेपरात बऱ्यापैकी अवघड गणितं सोडवायची, कोर्स संपल्यावर येणारा फीडबॅकही मस्त असायचा, त्यामुळे आपलं शिकवणं चांगलं चाललंय याबद्दल त्यांना शंका नव्हती. मग त्यांच्या वाचनात आलं की न्यूटनचे नियम पाठ म्हणणारी आणि त्यावरची गणितं सोडवणारी मुलं रोजच्या साध्या प्रसंगात तेच नियम वापरायची वेळ आली की सरळ चुकतात. माझी मुलं अशी नसणार, असं वाटून त्यांनी वर्गाला तशीच एक टेस्ट दिली, तिच्यात आकडेमोड नाही, फॉर्म्युला नाही, नुसते साध्या भाषेतले प्रश्न. तर वर्गातून विचारणा झाली की याची उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी द्यायची का मला जसं वाटतं तशी?

मी शिकवायला लागल्यानंतर बऱ्याच उशिरा ही गोष्ट वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही. म्हणजे एकाच डोक्यात दोन कप्पे आहेत, एक पेपरसाठीचा आणि एक खरोखर विचार करायचा, आणि कोर्सच्या शेवटी आपण जी परीक्षा घेतो ती बहुतेक वेळा पहिलाच कप्पा उघडून बघते.

उदाहरण घ्या. एक अवजड ट्रक आणि एक छोटी कार समोरासमोर धडकतात, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम विचारा, वर्गातली जवळजवळ सगळी मुलं तो अचूक लिहितील, क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध. पण हा प्रश्न टाका, त्यातली कितीतरी मुलं ट्रक असं उत्तर देतात. दोन्ही बलं अगदी सारखीच असतात, कारचं वस्तुमान कमी म्हणून तेवढ्याच बलाने तिचा वेग फार जास्त बदलतो आणि तिचा चुराडा होतो. मुलांना चुराडा दिसतो म्हणून ती बल जास्त म्हणतात. बल आणि बलाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या मनात सुटं झालेलंच नसतं, आणि नियम शंभर वेळा लिहून घेतला तरी ते होणार नाही.

१९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रश्नांचा एक पूर्ण संच छापला, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी या नावाने. यातले चुकीचे ऑप्शन नुसती भर म्हणून टाकलेले नाहीत, मुलांच्या मनात खरंच ज्या समजुती असतात त्यांच्यावरून ते बनवलेत. त्यामुळे मुलगा चुकला की तो का चुकला हेही कळतं, आणि माझ्या मते एमसीक्यू काढणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं एक जरी उचललं तरी पेपर बदलून जाईल. आपण साधारणपणे काय करतो, बरोबर उत्तर लिहितो आणि बाकी तीन ऑप्शन सुचतील ते टाकतो, मग त्या चुकांमधून आपल्याला काहीच कळत नाही.

आता दुसरी अडचण, आणि ही मला जास्त मोठी वाटते. समजा कोर्सच्या शेवटी एकाला ८५ मिळाले आणि एकाला ६०. जास्त कोण शिकलं? सांगताच येत नाही, कारण सुरुवातीला दोघं कुठे होते हे आपण बघितलेलंच नसतं. पहिला कदाचित ८० वरूनच आला असेल आणि दुसरा १५ वरून. वजन कमी झालं का हे एकदाच काट्यावर उभं राहून कसं कळणार? म्हणून पहिल्या दिवशी एक टेस्ट आणि शेवटी तीच किंवा तशीच टेस्ट, असं करावं लागतं. त्यातही नुसती वजाबाकी करून चालत नाही, कारण जो आधीच ८० वर आहे त्याला वर जायला जागाच २० ची आहे. रिचर्ड हेक या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी यासाठी सोपा हिशोब वापरला, मिळवायला जेवढं शिल्लक होतं त्यातलं किती मिळवलं ते बघायचं. ४० वरून ७० वर गेला तर ६० पैकी ३०, म्हणजे ०.५. ८० वरून ९० वर गेला तर २० पैकी १०, तेही ०.५.

१९९८ साली हेक यांनी ६२ कोर्सेसमधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचा डेटा याच हिशोबाने मांडला. नेहमीच्या पद्धतीचे, सर बोलतात आणि मुलं लिहून घेतात असे १४ कोर्सेस होते, त्यांची सरासरी ०.२३ आली. म्हणजे जे शिकायचं शिल्लक होतं त्यातलं पावच शिकलं गेलं, तेवढंही नाही. आणि जिथे मुलांना वर्गातच विचार करायला, एकमेकांशी बोलून उत्तर शोधायला लावलं होतं अशा ४८ कोर्सेसची सरासरी ०.४८. शिक्षकांनी आपणहून पाठवलेला डेटा होता, चिठ्ठ्या टाकून निवडलेले वर्ग नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही दुप्पट फरक आहे, आणि तो दिसला तो फक्त आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा मोजल्यामुळे, नुसते शेवटचे मार्क बघितले असते तर तो झाकलेलाच राहिला असता.

बरं, शेवटच्या दिवशी मोजलेलं टिकतं का? इथे स्मरणशक्तीवरचं संशोधन उपयोगी पडतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे वाचायला दिले, मग एका वेळी तो उतारा परत वाचायचा आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के, आणि आठवून लिहिलेलं ७५. पण एका आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं, परत वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं आणि आठवून लिहिलेलं ५६ वर राहिलं.

हे आकडे जरा थांबून बघा. मोजायची वेळ बदलली तर अभ्यासाची चांगली पद्धत कोणती याचं उत्तरच उलटं झालं! रात्रभर जागून चारदा वाचलेला मुलगा सकाळच्या पेपरात खरोखरच चांगलं लिहितो, त्यात लबाडी काही नाही, पण आपण त्या मार्कांवरून तो शिकला असं म्हणतो आणि तिथे चुकतो. रॉबर्ट बियॉर्क हे मानसशास्त्रज्ञ कामगिरी आणि शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात ते यामुळेच. त्या दिवशी जे दिसतं ती कामगिरी. शिकणं दिसत नाही, त्याचा अंदाज करावा लागतो, आणि मध्ये वेळ गेल्यावर किंवा प्रश्नाचं रूप बदलल्यावर जे उरतं त्यावरून तो अंदाज जास्त बरोबर येतो. याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट निघते, आठवून लिहिणं हा स्वतःच अभ्यास आहे, म्हणजे परीक्षा नुसती मोजपट्टी नाही, तिच्यामुळे शिकणं घडतंही. मग ती एकदाच, सगळ्यात शेवटी, जेव्हा काही दुरुस्त करायची संधीच उरलेली नसते तेव्हा का घ्यायची? दर आठवड्याला पाच मिनिटांची, मार्क नसलेली चालेल की.

तपासणाऱ्याचंही बोलायला हवं. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या खऱ्या उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तर एकाच उत्तरपत्रिकेला ५० पासून ९० च्या पुढपर्यंत मार्क पडले. भाषेचा विषय आहे, असं होणारच, असं लोक म्हणाले म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, तर तिथे तफावत आणखीच वाढली, कोणी ३० च्या खाली दिले आणि कोणी ९० च्या वर. कारण कोणी फक्त उत्तर बघतं, कोणी पायऱ्या बघतं, कोणी टापटिपीचे मार्क कापतं. अक्षराचा आणि नावाचा परिणाम तर फार जुना प्रश्न आहे, चीनमध्ये सुंग राजवटीत अधिकारी निवडायच्या परीक्षांमध्ये उमेदवाराचं नाव झाकायचे, एवढंच नाही तर लेखनिक अख्खा पेपर परत उतरवून काढायचे म्हणजे अक्षरही ओळखू येऊ नये. हजारेक वर्षांपूर्वी! आपण निदान कशाला किती मार्क ते आधी लिहून ठेवू शकतो, आणि एकेका मुलाचा पूर्ण पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं करू शकतो, त्याने पहिल्या चांगल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडत नाही. मी हे करायला लागल्यापासून वेळही कमी लागतो.

प्रश्नांचीही तपासणी होते. वरच्या मार्कांची मुलं आणि खालच्या मार्कांची मुलं घ्यायची आणि एकेक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते बघायचं. एखादा प्रश्न हुशार मुलांना कमी आणि बाकीच्यांना जास्त आला असेल तर प्रश्नातच किंवा उत्तरसूचीत गडबड आहे असं समजायचं आणि आधी ते तपासायचं.

मग राहतो मुलांचा फीडबॅक, कोर्स कसा वाटला वगैरे. तो घ्यावा, वेळापत्रक, आवाज, नोट्स याबद्दल मुलांना नक्की कळतं. पण शिकलो किती हे त्यावरून ठरवू नये. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी प्रयोग छापला, विषय तोच, एका गटाला अस्खलित लेक्चर आणि दुसऱ्या गटाला स्वतः झगडून प्रश्न सोडवायला लावलं. झगडलेल्या गटाला टेस्टमध्ये जास्त मार्क मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. लेक्चर छान वाहत गेलं की आपल्याला समजलं असं वाटतं, आणि अडखळलो की वाटतं जमत नाहीये, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. २०१० चा अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीचा अभ्यास तर शिक्षकांनी जरूर बघावा, तिथे मुलांना कोणते प्राध्यापक मिळणार हे आपोआप ठरतं आणि पेपर सगळ्यांना एकच असतो, तरी ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्या कोर्समध्ये जास्त मार्क पडले आणि ज्यांना फीडबॅकही चांगला मिळाला त्यांची मुलं पुढच्या, त्याच विषयावर उभ्या असलेल्या कोर्समध्ये सरासरीने मागे पडली.

याचा अर्थ शेवटचे मार्क खोटे असतात असा मात्र नाही. हॅरी बाह्रिक यांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ लोकांची परीक्षा घेतली, काहींना ते शिकून ५० वर्षं झाली होती आणि मधल्या काळात बहुतेकांनी ती भाषा फारशी वापरलीच नव्हती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच विसरलं गेलं होतं, पण त्यानंतर जे उरलं ते पुढची वीस-पंचवीस वर्षं जवळजवळ तसंच टिकून होतं. आणि किती उरलं हे कशावर ठरत होतं, तर ती भाषा मुळात किती कोर्सेसमधून शिकली आणि तेव्हा ग्रेड कसे होते यावर. मार्कांमध्ये काहीतरी खरं असतंच, फक्त पुढे किती गळणार आहे ते त्या दिवशी दिसत नाही.

म्हणून यावेळी कोर्स संपल्यावर दोन महिन्यांनी मी माझ्या मुलांना सात-आठ प्रश्न पाठवणार आहे, मार्क नाहीत, नाव लिहायचं नाही, न बघता उत्तरं द्यायची आणि शेजारी एका ओळीत कारण. ट्रक आणि कार त्यात नसतील, ते आता सगळ्यांना माहीत झालंय. बर्फावर स्केट घालून उभी असलेली दोन माणसं असतील, एक जाड आणि एक बारीक, आणि त्यातलं बारीक माणूस जाड्याला ढकलतंय.