काओर की मादिराँ? फ्रान्सच्या दोन 'काळ्या' वाइन

बदकाबरोबर काय प्यावं, असं फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात विचारलं तर कोणी काओर सुचवेल, कोणी मादिराँ. दोन्ही जवळजवळ काळ्या, दोन्ही जड अंगाच्या, आणि दोन्ही नावांनी फक्त रेडच विकता येते. म्हणून एकीच्या जागी दुसरी सहज घेतली जाते. काओर चुकून उघडली तर फारसं बिघडत नाही. मादिराँ मात्र हलक्या जेवणाबरोबर उघडली, तर बाटली अर्धी शिल्लक राहण्याची शक्यता दाट.

काओर लोत नदीच्या वळणांवरची. हिचं मुख्य द्राक्ष मालबेक. नियमाने ते किमान 70 टक्के लागतं, उरलेल्यात मेर्लो आणि तनात. मालबेक म्हटलं की आज अर्जेंटिना आठवते, पण तिथे ते एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधूनच गेलं. काओरचा इतिहास तसा रडकथेचाच. लोत गारोनला मिळते, गारोन बोर्दोला जाते. म्हणजे माल परदेशी पाठवायचा तर वाट बोर्दोतूनच. आणि तिथले व्यापारी आपली वाइन खपेपर्यंत वरच्या भागातल्या वाइनला बाजारात येऊच देत नसत. ही मिरासदारी 1776 मध्ये मोडली. गंमत म्हणजे स्वतःच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर आणायला त्यांना काओरच लागायची! पुढे फिलॉक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले, 1956 च्या फेब्रुवारीतल्या हिमाने उरलेसुरले वेल मारले. नव्याने लागवड करून 1971 मध्ये काओरला एओसी, म्हणजे प्रदेशनामाचा अधिकृत दर्जा, मिळाला.

मादिराँ त्याहून बरीच दक्षिणेला, गास्कोनीत, पिरेनीजच्या पायथ्याकडे पिकते. तिला हा दर्जा 1948 मध्येच मिळाला होता. इथलं द्राक्ष तनात, आणि खरा फरक इथेच आहे. काओरचा जोर आधी रंगात आणि फळात जाणवतो: आलुबुखार, काळ्या बेरी, थोडा व्हायोलेट फुलांचा वास. मादिराँचा जोर टॅनिनमध्ये, म्हणजे तोंड तुरट करणाऱ्या घटकात. कोवळी मादिराँ तोंडात घेतली की अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते, हिरड्या कोरड्या पडतात. हा तुरटपणा ताब्यात आणायला काबेर्ने फ्रां आणि काबेर्ने सोव्हिन्यों मिसळतात. मादिराँच्याच पात्रिक दुकुर्नो यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडण्याचं तंत्र विकसित केलं, तेही तनातला मऊ करण्यासाठीच. ते तंत्र आता जगभर वापरलं जातं. तरीही कोवळी बाटली तास-दोन तास आधी डिकँटरमध्ये ओतून ठेवावी. काओरला एवढे लाड लागतातच असं नाही.

आता ताट. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. घासात चरबी आणि मांस असेल तर ते तिकडे गुंततं आणि वाइन एकदम गुळगुळीत लागते. म्हणूनच मादिराँला बदकाचं कॉन्फी हवं: तंगडी मीठ लावून मुरवायची, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची, मग कातडी कुरकुरीत होईपर्यंत परतायची. पांढरा घेवडा, कॉन्फी आणि सॉसेजचं कासुले, किंवा पिरेनीजचं मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज, हेही तिला झेपतं. काओर जरा कमी चरबीवरही खुलते: भाजलेलं कोकरू, मश्रूम, आणि परवडत असेल तर त्याच भागातलं काळं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. माशाबरोबर दोन्ही नकोत.

आपल्याकडचा तांबडा रस्सा? माझं मत, नको. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. कमी मसाल्याचं, चरबीदार भाजलेलं मटण असेल तर काओर चालेल. आणि 'रूम टेंपरेचर' हा सल्ला मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात विसरावा. 16 ते 18 अंश पुरे, त्यासाठी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते.