स्वयंचलित गिअरबॉक्समधील बिघाड

मोटारीचा वेग व एंजिनावरील भार यांनुसार आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीचे काम अंशतः किंवा पूर्णतः बंद पडणे. बोलण्यात ‘गिअरबॉक्स गेला’ एवढ्यावर भागते; पण दंतचक्राचे दाते तुटल्याने पेटी बंद पडली, असे क्वचितच घडते. बहुतेक बिघाड तेल, उष्णता व घर्षणपट्ट्या यांच्याशी निगडित असतात.

या पेटीत एंजिन व गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातला एक पंखा एंजिनाबरोबर फिरून तेल दुसऱ्या पंख्यावर फेकतो व त्यालाही फिरवतो. पुढे ग्रहीय दंतचक्रांचे संच येतात : मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे वलयचक्र. त्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलायचा म्हणजे यांतले एखादे चक्र धरून ठेवायचे व दुसरे सोडायचे, आणि हे काम तेलाच्या दाबावर चालणारे क्लच-संच व पट्टे करतात. क्लचच्या पोलादी चकतीवर डिंकाने बसवलेला कागदासारखा घर्षणथर मिलिमीटरभरही जाड नसतो. पेटीचे आयुष्य दात्यांपेक्षा या थरावर अवलंबून असते.

आरंभ : बिघाडाचा इतिहास यंत्राइतकाच जुना आहे. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी 1904 च्या सुमारास फिरत्या वजनांच्या केंद्रोत्सारी प्रेरणेने बदलणारे दोन गिअर तयार केले. ती वजने निखळत असल्याने योजना बारगळली, असे सांगितले जाते. हेर्मान फॉटिंगर यांचे 1905 चे जर्मन पेटंट अनेकदा स्वयंचलित गिअरचे मूळ मानले जाते. ते मुळात जहाजांसाठी होते आणि त्यात गिअर बदलण्याचा प्रश्नच नव्हता. कॅनडातील आल्फ्रेड मन्रो यांची 1921 च्या सुमाराची पेटी तेलाऐवजी दाबलेल्या हवेवर चालत असे. ती बाजारात आली नाही. ब्राझीलमधील लेखक झुझे ब्राझ आरारिपी व फेर्नांदू लेमूस यांना श्रेय देतात. त्यांच्या मते या दोघांनी 1932 मधील आपला आराखडा जनरल मोटर्सला विकला आणि त्या कंपनीची हायड्रा-मॅटिक ही स्वयंचलित पेटी त्यावरूनच बनली. तथापि याच कंपनीने 1937 मध्ये ओल्ड्समोबिलला बसवलेली अर्धस्वयंचलित पेटी व तिचे अभियंते अर्ल टॉम्पसन यांच्या चमूचे काम पाहता हायड्रा-मॅटिकची वंशावळ कंपनीच्या घरातच शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. ती 1939 मध्ये, 1940 च्या मोटारींसाठी जाहीर झाली. तिच्यात चार गिअर व साधी द्रव-जोडणी (तेलातून फिरकी पोचवणारी, पण तिचे बळ न वाढवणारी) होती, बळ वाढवणारा टॉर्क कन्व्हर्टर नव्हता. लोकप्रिय लेखनात या दोहोंची नेहमी गल्लत होते. अमेरिकी प्रवासी मोटारीत टॉर्क कन्व्हर्टर रुळला तो 1948 च्या ब्यूइक डायनाफ्लोपासून.

तेल : या पेटीतले तेल दाब पोचवते, वंगण देते, उष्णता वाहून नेते, शिवाय घर्षणपट्ट्यांनी नेमके किती घसरावे व केव्हा पकडावे हेही तेच ठरवते. या शेवटच्या गुणासाठी अमेरिकेत पूर्वी त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. 1970 च्या दशकाच्या आरंभी व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि पर्यायी रसायने शोधावी लागली. त्या दशकाच्या मध्यास गिअरबॉक्सचे बिघाड वाढले त्याचे मूळ काही वंगणतज्ञ या बदलात पाहतात. इतर काहीजण प्रदूषण-नियंत्रणामुळे अधिक तापू लागलेल्या एंजिनांकडे बोट दाखवतात. दोन्ही कारणे एकत्र आली असणे शक्य आहे. त्याहून स्पष्ट पुरावा आहे तो डेक्सरॉन-2 या तेलाच्या एका आवृत्तीचा. त्या तेलाने शीतकातील (तेल थंड करणाऱ्या भागातील) धातुजोड गंजत, म्हणून त्याचे सूत्र बदलावे लागले.

तेलाचे तापमान साधारण 80 ते 95 अंश से. असावे. त्यापुढे दर 10–11 अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे; तो प्रयोगशाळेतला नियम नव्हे, पण कारागीर त्यावर चालतात. तापलेले तेल ऑक्सिडीकरणाने दाट होते, व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या) अरुंद वाटांत राळ साचते, दाब कमी पडतो, क्लच घसरतो, आणि घसरल्याने आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

लक्षणे : एंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी उचलत नाही, डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही व मग धक्का बसतो, किंवा गाडी एकाच, बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या गिअरवर अडकते. हे शेवटचे खरे तर संरक्षण असते : नियंत्रक संगणक चूक ओळखून पेटीला सुरक्षित गिअरवर बांधून ठेवतो. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला की बरेच कळते. नवे तेल रंग मिसळल्यामुळे लाल असते. तपकिरी रंग व करपट वास म्हणजे घर्षणथर जळाला. तळाचे भांडे उघडल्यावर चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नित्याची झीज. चमकणारे तुकडे दिसले तर धारवे (बेअरिंग) किंवा दंतचक्र गेले. गुलाबी, दुधाळ फेस दिसला तर रेडिएटरमधला शीतक फुटून पाणी तेलात मिसळले आहे. पाण्याने घर्षणथराचा डिंक सुटतो आणि मग नुसते तेल बदलून भागत नाही. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी पेटीच्या हवानळीतूनही शिरू शकते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, तसल्या प्रसंगी हे ध्यानात घ्यावे लागते.

पेटीतला पंप एंजिनावर चालतो. त्यामुळे एंजिन बंद ठेवून, एंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर टेकवून गाडी दोरीने ओढत नेली तर आतले भाग कोरडे फिरतात. धक्का मारून अशी गाडी सुरू होत नाही तीही याच कारणाने. काही जुन्या पेट्यांत मागच्या बाजूस दुसरा पंप असे, त्या ढकलून सुरू होत.

इतर प्रकार : सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा व कप्प्यांनी वेगाचे प्रमाण सलग बदलणाऱ्या पेटीत) पोलादी पट्टा दोन कप्प्यांवर घसरून चरे पडतात. दोन क्लच आळीपाळीने वापरणाऱ्या पेटीच्या कोरड्या (क्लच तेलात न बुडालेल्या) प्रकारात चकत्या तापतात व नियंत्रकाचे दोष उद्भवतात. 2013 मध्ये फोक्सवॅगनने चीनमध्ये सुमारे 3 लाख 84 हजार मोटारी या पेटीच्या दोषापायी परत बोलावल्या. भारतात 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून फैलावलेली एएमटी ही तांत्रिकदृष्ट्या हातगिअरचीच पेटी असून तिचा क्लच यंत्राने दाबला जातो, म्हणून वरील बहुतेक विवेचन तिला लागू नाही. बोरघाटातील चढावर कोंडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापते, एएमटीत क्लच प्लेट जळते.

तेल बदलावे का, हा वाद अजून मिटलेला नाही. अनेक मोटार कंपन्या ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणतात, पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किमी किंवा 8 वर्षांनी तेल बदलण्यास सुचवते. जुन्या पेटीत नवे तेल घातल्याने ती बंद पडते, अशी गॅरेजांत समजूत आहे. झिजलेल्या थराचे कण तेलात तरंगत क्लचला पकड देतात, असे तिचे समर्थन केले जाते. मात्र पुष्कळ मालक गिअर घसरू लागल्यावरच तेल बदलायला येतात. अशा गाडीचा क्लच बहुधा तेल बदलण्यापूर्वीच जळालेला असतो.