रॉयटर, मिखिएल द

रॉयटर, मिखिएल द : (24 मार्च 1607 – 29 एप्रिल 1676). सतराव्या शतकातील डच आरमाराचा सेनानी. झीलंड प्रांतातील व्ह्लिसिंगेन बंदरात सामान्य कुटुंबात जन्म. लहानपणी दोरखंडाच्या कारखान्यात राबून तो जहाजावर गेला आणि आयुष्याचा मोठा भाग त्याने व्यापारी जहाजांवर काढला. किनारा, वारा आणि भरती-ओहोटी यांची त्याची जाण तिथलीच.

डच प्रजासत्ताकाचे आरमार पाच स्वतंत्र नौदल मंडळांत विभागलेले होते आणि त्यांच्यात चुरस असे. शिवाय डच बंदरे उथळ असल्यामुळे त्यांची जहाजे इंग्रजांच्या मानाने हलकी व कमी तोफांची बांधावी लागत. इंग्रजांनी 1653 पासून जहाजे एकामागे एक रांगेत ठेवून तोफा डागण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा डचांचे हे उणेपण उघडे पडले. 1665 मध्ये मुख्य सेनानीपद हाती येताच रॉयटरने पथकांच्या एकत्रित हालचालींचा कसून सराव घेतला. इंग्रजांविरुद्धच्या जून 1666 च्या चार दिवसांच्या लढाईत त्याचे फळ दिसले. पुढच्याच वर्षी डचांनी इंग्लंडमधील मेडवे नदीत शिरून गिलिंगहॅमजवळची साखळी तोडली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे इंग्रजांचे मानाचे जहाज ओढून नेले. सिंह आणि एकशिंगी घोडा कोरलेला त्याच्या पिछाडीचा लाकडी फलक आजही ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मेडवेची मोहीम अधिक गाजली, तरी रॉयटरची खरी थोरवी 1673 सालात आहे. आदल्या वर्षी फ्रेंच सैन्य देशात घुसले होते, माणसे व दारूगोळा जमिनीवरच्या लढाईकडे वळवला गेला होता आणि इंग्रज-फ्रेंचांचे संयुक्त आरमार किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या तयारीत होते. रॉयटरने डच किनाऱ्याजवळच्या स्कोनेवेल्ट येथे, वाळूच्या दांड्यांमधील अरुंद पाण्यात नांगर टाकला. शत्रूची अवजड जहाजे तिथे बेधडक शिरू शकत नव्हती. तो मात्र वारा अनुकूल होताच बाहेर पडून घाव घालीत असे आणि पुन्हा दांड्यांआड जात असे. 7 आणि 14 जून रोजी त्याने अशा दोन लढाया दिल्या. बलाढ्य शत्रूचे आरमार बुडवणे आवश्यक नसून आपले आरमार शाबूत राखणे हाच त्याला अडवण्याचा उपाय आहे, हे त्याने कृतीने दाखवले. ऑगस्टमध्ये मात्र आशियातून मालाने भरून परतणाऱ्या जहाजांना वाट मोकळी राहावी म्हणून त्याला हा आसरा सोडावा लागला. 21 ऑगस्टला टेक्सेल बेटाजवळ दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे एकही मोठे जहाज बुडाले नाही, पण शत्रूला सैन्य उतरवण्याचा बेत सोडून द्यावा लागला. फेब्रुवारी 1674 मध्ये इंग्लंड युद्धातून बाहेर पडले.

खलाशी त्याला प्रेमाने ‘आजोबा’ म्हणत. पुरेशी जहाजे नसल्याची तक्रार करूनही, आज्ञा झाल्यावर तो स्पेनच्या मदतीला भूमध्य समुद्रात गेला. 22 एप्रिल 1676 रोजी सिसिलीच्या ऑगस्टा बंदराजवळ तोफगोळ्याने त्याच्या पायांना जबर जखमा झाल्या आणि आठवड्याभरात सिराक्यूज येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा देह ॲमस्टरडॅमच्या नव्या चर्चमध्ये दफन केलेला आहे.