उपासना रविवारपुरती कधी झाली?

रोमी साम्राज्यात रविवार विश्रांतीचा दिवस ठरला तो ३२१ साली, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. त्या हुकमातही शहरातली न्यायालये आणि कारखाने बंद ठेवायला सांगितले होते. शेतकऱ्यांना मात्र पेरणी-लावणीची वेळ चुकू नये म्हणून कामाची मोकळीक होती. म्हणजे ख्रिस्ती मंडळीची जवळजवळ पहिली तीनशे वर्षे रविवारच्या सुट्टीवाचून गेली.

तेव्हाची उपासना कशी होती, याची साक्ष एका परक्या माणसाने दिली आहे. बिथुनिया या रोमी प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानात) सुभेदार प्लिनी याने सुमारे ११२ साली सम्राट त्राजानला पत्र लिहिले. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या अंधारात जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि शपथ घेतात, असे चौकशीत त्याला कळले. शपथ कसली? चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेव मागितली तर नाकारणार नाही. गीत आणि ठेवीचा प्रामाणिकपणा एकाच पहाटेत! मला हे पत्र फार मोलाचे वाटते. उजाडल्यावर यातल्या अनेकांना कामावर जायचे असणार, आणि शपथेची परीक्षा तिथेच व्हायची. प्रेषित पौलाने तर ‘जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात लिहिले, तेही थेट दासांना उद्देशून, ज्यांचा वेळही त्यांचा स्वतःचा नव्हता.

नंदुरबार, नवापूरकडच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. उचल घेऊन टोळीबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचा रविवारही फडातच उजाडतो. तिथे कोपीपुढे, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीपुढे, म्हटलेली प्रार्थना आणि मोळी बांधताना केलेले सरळ काम ही कमी प्रतीची उपासना नाही.

पुढे मोठी ख्रिस्ती मंदिरे उभी राहिली, वेदी आणि पुरोहित यांना महत्त्व आले, तसे रोजचे काम एका बाजूला पडत गेले. तरी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिणाऱ्या बेनेडिक्टने मठाच्या कोठाराधिकाऱ्याला बजावले, की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखे समज. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने शेतकरी, मोलकरीण, चांभार यांचे काम हीसुद्धा देवाचीच सेवा असल्याचे ठासून सांगितले.

खानदेशात हा वारसा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांबरोबर आला. १८९० साली फ्रेडरिक फ्रान्सनने अमेरिकेत स्थापन केलेली संस्था ही अशा मिशनऱ्यांना पाठवणाऱ्यांतली एक. पश्चिम खानदेशातल्या भिल्ल आणि मावची या आदिवासींच्या वस्त्यांत मंडळ्या वाढल्या. चिंचपाड्याला १९४२ साली ख्रिस्ती रुग्णालय सुरू झाले, आणि तिथे जखम धुणाऱ्या परिचारिकेचे काम उपासनेपासून वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही.

हंगामाच्या सणाला पहिले पीक मंदिरात आणायची प्रथा आपल्या मंडळ्यांत आहे. भात येतो, ज्वारी येते, भाजीपाला येतो, मग लिलाव होतो. ते पीक काढणाऱ्या मजुराला रोजंदारी वेळेवर आणि पुरी मिळाली का, हेही त्याच दिवशी विचारले जावे. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात देव लोकांची अर्पणे नाकारतो आणि न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहू द्या म्हणतो, ते गरिबांकडून जबरीने धान्य घेणाऱ्यांना सांगितले होते.