त्या क्षणी त्याला कळत होतं का?

रामन राघव ऑगस्ट १९६८मध्ये पकडला गेला, तोवर मुंबईत उघड्यावर झोपणाऱ्या माणसांनी अनेक रात्री भीतीने जागून काढल्या होत्या. पुढे त्याने चाळीसएक खुनांची कबुली दिली. खटला उभा राहिल्यावर बचाव पक्षाने हा माणूस मनोरुग्ण असल्याचं सांगितलं. कोर्टाने त्याला पोलीस सर्जनच्या निरीक्षणाखाली ठेवलं. १९६९च्या जून-जुलैमध्ये काही आठवडे निरीक्षण झालं. अहवाल आला तो असा: याला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) नाही, स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, आपण काय करतो हे त्याला समजतं. बचावाच्या बाजूने साक्षीला आलेल्या नायर हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत नेमकं उलटं होतं. त्यांच्या मते याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, म्हणजे कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे भ्रम मनात पक्के बसवणारा आजार. आपण माणसं मारतो आहोत हे त्याला कळत होतं, पण ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. रामन राघवने अपील करायलाही नकार दिला. पण फाशी कायम करण्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दरवेळी साधारण दोन तास. त्यांच्यासमोर जे आलं ते पोलीस सर्जनच्या अहवालात कुठेच नव्हतं. जगं दोन आहेत, एक ‘कानून’चं आणि एक हे; आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत; लोक आपलं लिंग बदलू पाहत आहेत; अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं आपला छळ करत आहेत. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपासाठी हात पुढे केला, तेव्हा ‘कानून’चा प्रतिनिधी या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असं सांगून त्याने हस्तांदोलन नाकारलं. मंडळाचं निदान झालं जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. १९८७मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि १९९५मध्ये येरवड्याचा हा कैदी ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने वारला.

एकाच माणसाबद्दल डॉक्टर इतकं वेगळं सांगतात म्हटल्यावर ‘डॉक्टर काय, ज्याच्या बाजूचे त्याच्या बाजूने बोलणार’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पोलीस सर्जनने स्मरणशक्ती आणि बुद्धी पाहिली. स्किझोफ्रेनियात ती दोन्ही बऱ्यापैकी शाबूत राहू शकतात. भ्रम मात्र विचारल्याशिवाय, आणि विचारणाऱ्यावर थोडा भरवसा बसल्याशिवाय, बाहेर येत नाहीत. उलट छळाचा भ्रम असलेला माणूस ते लपवतोच, कारण समोरचा डॉक्टरही त्या कटातला असू शकतो. तरीही खरी अडचण याहून खोल आहे. कोर्ट डॉक्टरला जो प्रश्न विचारतं तो वैद्यकाचा प्रश्नच नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ८४, ‘आरोपीला कोणता आजार आहे’ असं विचारत नाही. ते विचारतं: कृत्य करतेवेळी, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, जाणण्यास तो असमर्थ होता का? सगळा भार ‘करतेवेळी’वर आहे. आदल्या महिन्यात दवाखान्यात होता, पुढच्या महिन्यात पुन्हा भरती झाला, तरी मधल्या त्या दहा मिनिटांचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. स्किझोफ्रेनियाची चिठ्ठी दाखवून कोणी सुटत नाही. वैद्यकीय अर्थाने मनोरुग्ण असणं वेगळं आणि कायद्याच्या अर्थाने असणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

ही कसोटी १८४३च्या लंडनमधली आहे. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाला सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपल्या मागावर आहेत असा भ्रम होता. पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्याने त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं आणि देशभर संताप उसळला. मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना बोलावून नियम काय ते विचारलं. त्यांची उत्तरं मॅकनॉटन नियम म्हणून प्रसिद्ध झाली आणि १८६०च्या आपल्या दंड संहितेत त्यांचा गाभा उतरला. गंमत अशी, की खुद्द मॅकनॉटन या नियमांच्या चाळणीतून पार पडला असता का, याची शंका आहे. छळ करणाऱ्यांचा सूड म्हणून केलेला खून नियमांप्रमाणे शिक्षेलाच पात्र होता. भ्रमात समोरचा जीव घ्यायला आला आहे असं वाटलं तर माफी, पण भ्रमात त्याने बदनामी केली म्हणून मारलं तर शिक्षा. म्हणजे वेडातही माणसाने तारतम्य सोडायचं नाही! ‘कळत होतं, पण हात आवरला नाही’ हा बचाव तर भारतीय कायदा आजही मानत नाही. मेंदूत समजणं आणि आवरणं यांची कामं बऱ्याच अंशी वेगवेगळी चालतात, हे आता माहीत असूनही.

मग तो क्षण शोधायचा कसा? आरोपी मानसोपचारतज्ज्ञापुढे येतो तेव्हा घटनेला महिने, कधी वर्षं उलटलेली असतात. दरम्यान तुरुंगात गोळ्या सुरू झाल्या असतील तर तो शांत, नीटनेटका दिसतो. किंवा तेव्हा बरा असलेला माणूस कोठडीतच आजारी पडलेला असतो. त्यामुळे न्यायवैद्यक तपासणीतला मोठा भाग आरोपीशी बोलण्याचा नसून कागद आणि माणसं धुंडाळण्याचा असतो: एफआयआर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, तुरुंगातल्या दवाखान्याच्या नोंदी, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलणं. झोप कधीपासून उडाली, स्वतःशी बोलणं कधी सुरू झालं, औषध कोणत्या महिन्यात सुटलं. घटनेआधीचं, घटनेवेळचं आणि नंतरचं वागणं सलग लावून पाहायचं. दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये हीच पद्धत सांगितली. त्याच निकालात आरोपीला थोडा आधारही आहे. मन विकल होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असली, तरी ती दिवाणी दाव्याइतकी, म्हणजे ‘असं असण्याची शक्यता अधिक’ इथवरच. आणि त्याच्या पुराव्याने गुन्हेगारी हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर तिचा फायदा त्यालाच.

‘नंतरच्या वागण्या’वरून मात्र निष्कर्ष फार घाईने काढले जातात असं मला वाटतं. झारखंडच्या एका खटल्यात आरोपीच्या आजाराचे कागद होते. पण गोळी झाडल्यावर त्याने ड्रायव्हरला धमकावलं, पळ काढला आणि हत्यार विहिरीत टाकलं. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचाव फेटाळला: पळाला, लपवलं, म्हणजे चूक कळत होती. त्या खटल्यात ते बरोबरही असेल. पण आपल्यामागे मारेकरी लागलेत असं मानणारा माणूसही पळतो, लपतो आणि पुरावा मागे ठेवत नाही. पळण्याचं कारण भीती आहे की अपराधाची जाणीव, हे नुसत्या पळण्यावरून ठरत नाही.

कागदांचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. घरात कोणाचं डोकं फिरलं की आधी भगत, देवऋषी, दर्गा. तिथे केस पेपर मिळत नाही. तरी कोर्टात आजाराचा पुरावा द्यायचा तो आरोपीनेच. ज्याच्या आजाराकडे सर्वांत कमी लक्ष गेलं, त्याच्याच हातात पुरावाही सर्वांत कमी.

आता सोंगाचा प्रश्न. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी, की लोकांना प्रत्येक मनोरुग्ण आरोपी तिकडचाच वाटतो. तज्ज्ञांनाही ही शक्यता धरूनच चालावं लागतं, आणि ती तपासण्याच्या काही रीती चांगल्याच चतुर आहेत. सोंग घेणाऱ्याला आजार कसा दिसतो हे माहीत नसतं, आजार कसा दिसायला हवा याबद्दलची त्याची कल्पना तेवढी माहीत असते. म्हणून तो सगळी लक्षणं एकदम देतो. आवाज चोवीस तास येतात, राक्षस दिसतात, तारीख आठवत नाही आणि दोन अधिक दोनही येत नाहीत. ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात त्यांचे आवाज बहुधा अधूनमधून येतात आणि त्यांनी त्यावर उपायही शोधलेले असतात: रेडिओ लावणं, कामात गुंतणं, झोपून जाणं. ‘आवाज आले की तू काय करतोस?’ या साध्या प्रश्नाला सोंगाड्याकडे उत्तर नसतं.

स्मृती गेल्याचा दावा असेल तर आणखी एक युक्ती आहे. पन्नास चित्रं दाखवायची. मग प्रत्येक चित्र एका नव्या चित्राशेजारी ठेवून विचारायचं, आधी कोणतं पाहिलंस? खरोखर काहीच आठवत नसेल आणि माणूस अंदाजाने बोट ठेवत असेल, तरी निम्मी उत्तरं आपोआप बरोबर येतात. एखाद्याची पन्नासपैकी बाराच बरोबर आली तर? निव्वळ अंदाजाने इतकं वाईट होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. म्हणजे बरोबर चित्र त्याला ठाऊक आहे आणि तो ते टाळतो आहे. वॉर्डात ठेवून निरीक्षण करतात तेव्हा रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदीही असाच उपयोग देतात. डॉक्टरांच्या राउंडला भिंतीशी बोलणारा माणूस रात्री कसा झोपतो, जेवण मागताना कसा बोलतो, हे तिथे उतरलेलं असतं. सोंग अनेक दिवस, चोवीस तास निभावणं अवघड.

पण इथेही एक फट आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ झिगबर्ट गान्झर यांनी हालेच्या तुरुंगातल्या कैद्यांचं वर्णन १८९७मध्ये केलं. घोड्याला पाय किती, तर तीन, अशा धर्तीची त्यांची उत्तरं. चुकीची, पण बरोबर उत्तराला चिकटून. ही लबाडी की आजार, यावर वाद अजून मिटलेला नाही. आणि खरा आजारी माणूससुद्धा घाबरून वर थोडं सोंग चढवू शकतो. एक पकडलं गेलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

वाचक विचारतील, मेंदूचं स्कॅन काढून कळत नाही का? रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीच्या १९८२च्या खटल्यात बचावाने मेंदूचे सीटी स्कॅन मांडले होते. तो वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला, पण स्कॅनमुळेच ठरला असं म्हणता येत नाही. स्कॅन आजचा मेंदू दाखवतो. अमुक दिवशी, अमुक वाजता त्या माणसाला बरं-वाईट कळत होतं का, हे त्यात छापलेलं नसतं. आपल्याकडे मेंदूच्या विद्युतलहरींवरून ‘अनुभव’ ओळखण्याचा दावा करणारी चाचणी पुण्याच्या एका सत्र न्यायालयाने २००८मध्ये दोषसिद्धीसाठी वापरली आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. मे २०१०च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये, हा संविधानाचा मुद्दा होता. शास्त्रीय शंका त्याहून वेगळ्या, आणि माझ्या मते तितक्याच वजनदार.

‘वेडा ठरला की सुटला’ हाही मोठा गैरसमज. या कलमाखाली निर्दोष ठरलेल्याला कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देतं. तो मनोरुग्णालयात जातो, किंवा नातेवाइकांनी हमी दिली तर त्यांच्याकडे. तो मुक्काम शिक्षेपेक्षा लांबूही शकतो. खटला सुरू होण्याआधीच ‘हा स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ’ ठरला, तर खटला थांबतो, माणूस मात्र आतच राहतो. आसाममध्ये १९५१ साली पकडलेल्या एका माणसाला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. १९६७मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं लिहून दिलं. त्याला घरी सोडण्याऐवजी तुरुंगात हलवलं आणि खटला न चालता तो थेट २००५मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर बाहेर आला.

शेवटचा प्रश्न शिक्षेच्या वेळचा. गुन्हा करताना कळत होतं, खटल्याच्या वेळीही ठीक होता, पण फाशीची वाट पाहताना मन ढासळलं तर? २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालाने दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं कारण मानलं. एप्रिल २०१९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हाही शिक्षा सौम्य करण्याचा आधार आहे, असं म्हणत त्याची फाशी आजन्म कारावासात बदलली. निकालात त्याचं नाव नाही. मनोरुग्णाच्या खासगीपणाचा हक्क मानून कोर्टाने त्याला ‘अॅक्यूज्ड एक्स’ म्हटलं. त्याच्यावरचे आरोप अत्यंत हिडीस होते, म्हणून ही सवलत वाचून अनेकांना राग येतो. मला तो कळतो. पण आपल्याला फाशी का होते आहे हेच ज्याला उमगत नाही, त्याला फासावर चढवून शिक्षेचा कोणता हेतू साधतो, याचं उत्तर रागात सापडत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय करायला सांगितलं आहे. शिवाय तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा आहे, आणि त्यात प्रमाणित काय करायचं, तर तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही. असा दाखला मागणारा कायदा करण्यापेक्षा ‘किती आहेत आणि त्यांच्यावर काय उपचार चालू आहेत’ एवढंच विचारलं असतं, तर पुढे कोर्टात लागणारे जुने केस पेपर निदान तुरुंगात तरी तयार झाले असते.