ॲनोमॅलोकॅरिस

कँब्रियन कल्पातील समुद्रात राहणाऱ्या, संधिपाद (कीटक, खेकडे, कोळी इ.) प्राण्यांच्या पूर्वजशाखेतील एका निर्वंश प्राण्याची प्रजाती. तिची प्रमुख जाती ॲनोमॅलोकॅरिस कॅनडेन्सिस ही असून तिचे जीवाश्म कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, योहो राष्ट्रीय उद्यानातील बर्जेस शेल या प्रसिद्ध थरांत व जवळच्याच स्टीफन पर्वतावर सापडतात. या थरांचे वय सु. ५०.८ कोटी वर्षे मानले जाते. ज्या काळात बहुतेक प्राणी बोटाएवढेही नव्हते, त्या काळातील हा मोठा भक्षक होय. मात्र त्याची लांबी एक मीटर असल्याचे जुन्या लेखनात आढळते ते आता ग्राह्य धरता येत नाही; २०१८ मधील फेरमोजणीनुसार कॅनडातील जातीची कमाल लांबी सु. ३४ ते ३८ सेंमी. भरते.

शरीर लांबट, चपटे व मागे निमुळते होत जाणारे होते. डोक्याच्या पुढच्या भागातून दोन लवचिक, खंडयुक्त उपांगे निघत. प्रत्येक उपांगात चौदाच्या सुमारास खंड असून त्यांच्या आतील बाजूस काट्यांच्या जोड्या असत. एका खंडावरील काटे लांब, तर पुढच्यावरील आखूड असा क्रम टोकापर्यंत चाले आणि या काट्यांनाही बारीक उपकाटे फुटलेले असत. डोळे मोठे व देठांवर होते. धडाच्या दोन्ही बाजूंस पाळ्यांची रांग होती; त्या पुढून मागे क्रमाने हलवून प्राणी पोहत असावा. पाठीकडील पातळ पट्ट्यांच्या ओळी श्वसनाच्या कामी येत असाव्यात. शेपटीकडे पात्यांच्या तीन जोड्या व एक मधले पाते यांचा पंखा होता. चालण्याचे पाय कोणत्याही नमुन्यात मिळालेले नाहीत.

या प्राण्याचे संपूर्ण रूप कळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्याचे कारण जीवाश्मीभवनात आहे. उपांगे व मुखचक्र (तोंडाभोवतीचे पट्ट्यांचे चक्र) यांचे आवरण तुलनेने कठीण असल्याने ते भाग मृत शरीरापासून किंवा टाकलेल्या कातीतून सुटे होऊन टिकले. मऊ धड क्वचितच उरले. १८८० च्या दशकात कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड मॅककॉनेल यांनी स्टीफन पर्वतावरून जमवलेल्या नमुन्यांत ही सुटी उपांगे होती. १८९२ मध्ये जोसेफ व्हाइटीव्हज यांनी त्यांचे वर्णन एका कवचधारी, कोळंबीवर्गीय प्राण्याचे डोके नसलेले धड म्हणून केले आणि प्रजातीला आजचे नाव दिले. त्यांना उपांगाचे खंड धडाचे व काटे पायांचे वाटले. समोर दुसरा कोणताच भाग नसताना हा अर्थ लावणे अवाजवी म्हणता येत नाही.

बर्जेस शेलचा शोध १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांनी लावला. १९११ मध्ये त्यांनी तेथील एका वर्तुळाकृती जीवाश्माला पेटोइया हे नाव देऊन त्याची गणना जेलीफिशांत केली. हे चक्र अननसाच्या चकतीसारखे दिसते. मध्ये चौकोनी पोकळी व भोवती दातेरी पट्ट्या. एका पसरट शरीराच्या ठशाला त्यांनी लॅगानिया म्हटले व तो समुद्रकाकडीच्या गटात घातला. म्हणजे एकमेकांचे नातेवाईक असलेल्या प्राण्यांचे अवयव कोळंबी, जेलीफिश व समुद्रकाकडी अशा तीन स्वतंत्र प्राण्यांच्या नावे नोंदले गेले होते. १९७८ मध्ये सायमन कॉनवे मॉरिस यांना लॅगानियाच्या ठशावर पेटोइयाचे चक्र दिसले. परंतु स्पंजावर योगायोगाने जेलीफिश येऊन पडला असावा, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढच्याच वर्षी डेरेक ब्रिग्ज यांनी व्हाइटीव्हज यांचे ‘धड’ हे वस्तुतः कोणा मोठ्या संधिपाद प्राण्याचे उपांग असल्याचे दाखवले. उपांगाविषयी ब्रिग्ज बरोबर होते, पण ते चालण्याचे अवयव असावेत हा त्यांचा कयास पुढे टिकला नाही.

निर्णायक पुरावा हॅरी व्हिटिंग्टन यांच्या हातून मिळाला. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६० च्या दशकात गोळा केलेल्या एका नमुन्यावरील खडकाचा थर त्यांनी बारकाईने काढत नेला, तेव्हा धडाला जोडलेली उपांगे आणि त्यांच्या मागे पेटोइयाचे चक्र एकाच प्राण्यात उघडे झाले. जेलीफिश म्हणून ओळखले गेलेले ते चक्र तोंड होते. व्हिटिंग्टन व ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कागदावरच्या तर्काने न सुटलेला प्रश्न जुन्याच संग्रहातील नमुना हाताळण्याच्या कौशल्याने सुटला, ही गोष्ट जीवाश्मविज्ञानाच्या इतिहासात मोलाची आहे.

१९८५ च्या मांडणीत दोन वेगळ्या प्राण्यांची वैशिष्ट्ये मात्र एकत्र आली होती. १९९० च्या दशकात टोराँटो येथील रॉयल ऑंटॅरिओ संग्रहालयाचे डेसमंड कॉलिन्स यांनी अधिक पूर्ण नमुन्यांच्या आधारे दोन प्रजाती वेगळ्या केल्या आणि १९९६ मध्ये या गटासाठी रेडिओडोंटा हा गण सुचवला. दुसऱ्या प्रजातीस आता पेटोइया हेच नाव दिले जाते. २०१२ मध्ये ॲलिसन डेली व यान बेर्गस्ट्रोम यांनी दाखवून दिले की, अनेक चित्रांत ॲनोमॅलोकॅरिसला दिले जाणारे चार मोठ्या पट्ट्यांचे गोल तोंड खरे पेटोइयाचे असून ॲनोमॅलोकॅरिसच्या मुखचक्रात तीन मोठ्या पट्ट्या, आकाराने अनियमित लहान पट्ट्या व खडबडीत उंचवटे होते. लोकप्रिय चित्रांत जुनेच तोंड अजून दिसते.

आहाराचा वाद याच तपशिलाशी जोडलेला आहे. चावा बसून पुढे भरून आलेल्या जखमांचे ट्रायलोबाइट (कठीण कवचाचे निर्वंश सागरी संधिपाद) सापडल्याने त्यांचा शिकारी ॲनोमॅलोकॅरिसच असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. उपांगांनी ट्रायलोबाइटाला मागेपुढे वाकवून कवच मोडले जात असावे, अशीही कल्पना मांडली गेली. पण मुखचक्राच्या पट्ट्यांवर झिजेच्या वा मोडतोडीच्या खुणा आढळत नाहीत. रसेल बिकनेल व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने असे दाखवले की, कठीण कवच धरताना या उपांगांना इजा झाली असती आणि ती पुढे ताणलेली असताना प्राणी पाण्यातून वेगाने जाऊ शकत असे. त्यामुळे तो तळावरील ट्रायलोबाइटांपेक्षा पाण्यातील मऊ भक्ष्यामागे जात असावा, हे मत सध्या अधिक सयुक्तिक वाटते. जखमी ट्रायलोबाइटांचा शिकारी दुसरा कोणी होता, असे मग मानावे लागते.

दृष्टीविषयीचा पुरावा ऑस्ट्रेलियातील आहे. कांगारू बेटावरील एमू बे शेलमधून जॉन पॅटरसन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये संयुक्त नेत्रांचे वर्णन केले. एकेका डोळ्यात किमान १६,००० नेत्रिका (लहान भिंगे) होत्या. २०२० मधील पुढच्या अभ्यासात कॅनडातील जातीच्या निकटच्या प्राण्याच्या डोळ्यात २४,००० हून अधिक नेत्रिका मोजल्या गेल्या. आजच्या संधिपादांतही इतके तीक्ष्ण डोळे थोड्यांनाच, मुख्यतः चतुरांसारख्या उडत्या शिकाऱ्यांना, लाभलेले आहेत. पायांवर कठीण आवरण येण्याआधीच या वंशात संयुक्त नेत्र विकसित झाले होते, असे यावरून अनुमान निघते.

वर्गीकरणात या गणास सुरुवातीला स्वतंत्र संघाच्या तोडीचे वेगळेपण दिले जाई. आज बहुतेक अभ्यासक त्याला मृदुपाद (मऊ पायांचे अळीसारखे प्राणी, लोबोपोड), नखयुक्त प्राणी (ऑनिकोफोरा) आणि खरे संधिपाद यांच्या दरम्यान संधिपादांच्या मूळशाखेत ठेवतात, आणि पुराव्याचे वजनही याच बाजूला आहे. मोरोक्कोतील ऑर्डोव्हिसियन (कँब्रियननंतरच्या कल्पातील) थरांतील सु. दोन मीटर लांबीच्या, २०१५ मध्ये वर्णन केलेल्या एजिरोकॅसिस या याच गणातील प्राण्यात धडाच्या प्रत्येक खंडावर पाळ्यांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसल्या. पुढे द्विशाखी (दोन शाखांचे) पाय बनण्याच्या दिशेने ही अवस्था असावी. पुढच्या उपांगांची नेमकी जागा, म्हणजे मेंदूच्या कोणत्या भागाशी ती जोडलेली होती, यावर मात्र अद्याप एकमत नाही. याच गणातील एजिरोकॅसिस आणि ग्रीनलंडमधील टॅमिसिओकॅरिस पाणी गाळून सूक्ष्म अन्न मिळवत.

चीनमधील चेंगजियांग थरांतील जाती पूर्वी या प्रजातीत घातल्या जात. त्यांपैकी काही आता वेगळ्या प्रजातींत नेल्या आहेत. ऑर्डोव्हिसियननंतर गणाचे अवशेष फारच विरळ होतात. जर्मनीतील हुन्सरूक स्लेटमधील सु. १० सेंमी. लांबीचा शिंडरहान्नेस (वर्णन २००९) त्यानंतरच्या डेव्होनियन कल्पातील असून तो केवळ एका नमुन्यावरून ज्ञात आहे.