ज्वारीचा आहार व शिधावाटप (महाराष्ट्र)

महाराष्ट्राच्या पठारी भागात रोजच्या जेवणातील ज्वारी-बाजरीची जागा गेल्या पाच-सहा दशकांत मोठ्या प्रमाणावर गहू व तांदूळ यांनी घेतली. सरकारी शिधावाटपाचा विस्तार याच काळातला. कोकण व पूर्व विदर्भ हे पूर्वीपासून भातखाऊ प्रदेश असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही.

शिधावाटपाचा आरंभ : काही लेखनात मुंबईतील आरंभाचे वर्ष १९३९ दिलेले आढळते. ते बहुधा महायुद्धाच्या सुरुवातीच्या भावनियंत्रणाला उद्देशून असावे. शिधापत्रिकेवर माणशी ठरावीक धान्य देण्याची पद्धत मुंबईत १९४३ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात जाऊन तिकडचा तांदूळ बंद झाला होता. त्यामुळे १९४३ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. १९४७ अखेर गांधीजींच्या आग्रहानंतर नियंत्रणे उठू लागली, पण भाव भडकल्याने १९४८ मध्ये ती परत आणावी लागली. १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या धान्य-करारानंतर अमेरिकी गहू स्वस्त धान्य दुकानांत आला. १९७२ च्या दुष्काळातील मिलो (अमेरिकेची तांबडी ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळग्रस्तांना वाटलेले पौष्टिक खाद्य) यांची आठवण ग्रामीण भागात अजून निघते.

ज्वारी मागे पडण्याची कारणे : याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार उत्पन्न वाढले, शहरी राहणी आली, भाकरी थापण्याचे कष्ट नकोसे झाले आणि पोळीला प्रतिष्ठा मिळाली. दुसरे मत धान्यधोरणाला जबाबदार धरते : १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाल्यावर हमीभावाने मोठी खरेदी झाली ती गहू व तांदूळ यांची, ज्वारीला हमीभाव असूनही खरेदी तुटपुंजी राहिली. दुसरे मत अधिक सयुक्तिक असले, तरी धान्याच्या प्रतीचा मुद्दा दोन्हींत दुर्लक्षित राहतो. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या संकरित वाणापासून खरिपात संकरित ज्वारी पसरली. दाणे भरताना पाऊस लागला की तिला बुरशी येऊन ती काळी पडते आणि बाजारात खाण्याची ज्वारी म्हणून तिला उठाव राहत नाही. रब्बीच्या मालदांडीची (एम ३५-१) गोष्ट वेगळी. तिची भाकरी गोड लागते, कडबा जनावरांना चालतो. मात्र ती कोरडवाहू असल्याने उत्पादन कमी आणि भाव चढा. खरिपाची ज्वारी ताटातून उतरली आणि मालदांडी गरिबाला परवडेना, तेव्हा शिधावाटपाचा गहू त्या रिकाम्या जागी आला, असा क्रम मानणे योग्य होईल.

एकूण तृणधान्यांचा वापरही घटला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात तो १९९३-९४ मध्ये माणशी दरमहा सुमारे १३.४ किग्रॅ. होता, तर २०२२-२३ मध्ये सुमारे ९.६ किग्रॅ. सर्वेक्षणाची पद्धत मध्यंतरी बदलल्याने ही तुलना जपूनच करावी.

सध्याची व्यवस्था : १९९७ मध्ये लक्ष्यनिर्धारित (म्हणजे गरीब कुटुंबे वेगळी ठरवून त्यांना स्वस्त धान्य देणारे) वितरण आले. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन शिधापत्रिका आहेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किग्रॅ., तर अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किग्रॅ. धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या अधिनियमात भरडधान्याचा (ज्वारी, बाजरी इ.) दर किलोला १ रुपया ठरवलेला होता, परंतु राज्यातील वाटपात गहू व तांदूळ यांचेच प्राबल्य राहिले.